तक्त्यातली चौथी ओळ

भूमीला खंड, श्रमाला वेतन, भांडवलाला व्याज, संयोजकाला नफा. वाणिज्य शाखेच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाने हा तक्ता कधी ना कधी पाठ केलेला असतो. मीही केला आणि पुढे अठ्ठावीस वर्षे फळ्यावर लिहिला. आज त्याच्याविरुद्ध लिहितो आहे, कारण हा तक्ता आता परीक्षेच्या वहीपुरता राहिलेला नाही. किमान वेतनाचा प्रश्न निघो, कामगार कायद्यांतल्या बदलांचा निघो की उद्योगांना द्यायच्या करसवलतींचा, व्यासपीठावरून कुणीतरी खात्रीने सांगतो की नफा हा जोखमीचा मोबदला आहे, अर्थशास्त्राने ही गोष्ट केव्हाच सिद्ध केली आहे आणि आता तिच्यावर शंका घेणारे केवळ मत्सरापोटी बोलतात.

या म्हणण्यात ताकद आहे, हे मी नाकारत नाही. कामगाराला ठरल्या तारखेला पगार मिळतो, बँकेला ठरल्या दराने व्याज मिळते, जागामालकाला भाडे मिळते. धंदा चालवणाऱ्याला सगळ्यांचे देऊन झाल्यावर उरेल ते मिळते, आणि कधी काहीच उरत नाही. पंगतीत जो शेवटी बसतो त्याच्या पानात काय पडेल याची हमी नसते. मग एखाद्या दिवशी पातेल्यात जास्त उरले तर ते त्याचेच, हा न्याय सहज पटतो. मलाही बरीच वर्षे पटत होता.

पण अर्थशास्त्राने हे सिद्ध केले आहे का? ज्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञांच्या नावावर हे खपवले जाते, त्यांची पुस्तके उघडली की उलटेच दिसते.

सुरुवात ॲडम स्मिथपासून करतो, कारण नफ्याची बाजू घेणारे आधी त्याचेच नाव घेतात. १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये, पहिल्या भागाच्या सहाव्या प्रकरणात त्याने दोन कारखान्यांचे उदाहरण घेतले आहे. दोन्हींत वीस-वीस कामगार, प्रत्येकाला वर्षाला १५ पौंड, म्हणजे मजुरीचे ३०० पौंड. एका कारखान्यात ७०० पौंडांचा जाडाभरडा कच्चा माल लागतो, दुसऱ्यात ७,००० पौंडांचा उंची माल. त्या भागात नफ्याचा दर शेकडा १० असेल तर पहिला मालक वर्षाला १०० पौंडांची अपेक्षा करील आणि दुसरा ७३० पौंडांची. देखरेखीचे काम दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, आणि मोठ्या कारखान्यांत ते बहुतेक सगळे एखाद्या मुख्य कारकुनावर सोपवलेले. मग वरचे ६३० पौंड कोणत्या कामाचे? स्मिथ म्हणतो, कोणत्याच नाही. नफा हे देखरेखीच्या श्रमाचे दुसरे नाव नव्हे. तो गुंतवलेल्या रकमेच्या प्रमाणात कमी-जास्त होतो.

आणि जोखीम? त्याबद्दलही स्मिथ दहाव्या प्रकरणात बोलला आहे. जोखमीच्या धंद्यात नफ्याचा दर थोडाफार चढतो, पण जोखमीची पूर्ण भरपाई होईल इतका चढत नाही, हे त्याचे मत. पुरावा म्हणून तो दाखवतो की सर्वांत जास्त दिवाळी अशाच धंद्यांत निघतात. म्हणजे जोखमीच्या मोबदल्याचा सिद्धांत ज्याच्या नावावर सांगितला जातो, त्याने तो सिद्धांत रूढ होण्याच्या शंभर वर्षे आधीच त्यातली उणीव दाखवून ठेवली होती.

त्याच प्रकरणात एक किराणा दुकानदार आहे आणि तो मला फार जवळचा वाटतो. लहान बंदराच्या गावातला हा दुकानदार १०० पौंडांच्या मालावर शेकडा ४० ते ५० मिळवतो. त्याच गावातल्या मोठ्या घाऊक व्यापाऱ्याला १०,००० पौंडांवर शेकडा ८ ते १० सुद्धा मुश्किलीने सुटतात. स्मिथ सांगतो की दुकानदाराचा हा जास्तीचा नफा वास्तविक मजुरी आहे. त्याला लिहिता-वाचता येते, हिशेब येतो, पन्नास जिनसांची पारख आहे, आणि त्याच्या कष्टांचे दाम मालाच्या किमतीत मिसळून आलेले आहे.

माझ्या वडिलांचे तालुक्याच्या गावी किराणा दुकान होते. सकाळी सहाला फळ्या निघत आणि रात्री दहाला लागत. दुपारी आई गल्ल्यावर बसे आणि बसल्या बसल्या तूर निवडे. दिवाळीत वहीपूजनाच्या आधी वडील वर्षाचा हिशेब मांडत आणि जे उरे त्याला नफा म्हणत. त्यातून दोघांच्या तासांची मजुरी, शेजारच्या कापड दुकानातल्या नोकराच्या दराने जरी वजा केली असती, तरी बाकी शून्याच्या खाली गेली असती. कॉलेजात गेल्यावर मी एकदा तो हिशेब त्यांना करून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

आज मोठ्या कंपन्यांच्या नफ्याचे समर्थन करताना हेच छोटे दुकानदार पुढे केले जातात. दिवसाला सोळा तास राबणाऱ्या माणसाच्या कष्टांआड दुसऱ्याच कुणाचा तरी लाभांश उभा केला जातो. दोन वेगळ्या मिळकतींना एकच नाव असल्यामुळे हे जमते. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

नावाचा हा घोळ इतिहासातही आहे आणि तिथे तो जास्त नडतो. स्मिथ, रिकार्डो, मार्क्स यांच्या लिखाणात नफा म्हणजे भांडवलावर मिळणारी सगळी मिळकत, व्याज धरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्याज वेगळे काढले गेले आणि उरलेल्या चतकोराला नफा म्हणायची पद्धत पडली. तक्त्यातली चौथी ओळ हा तो चतकोर आहे. त्यामुळे विसाव्या शतकातल्या अमक्याने मार्क्सला खोडून काढले, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा बहुतेक वेळा दोघे वेगवेगळ्या रकमांबद्दल बोलत असतात.

रिकार्डोवर थांबण्याची गरज नाही. १८१५ च्या त्याच्या पुस्तिकेत नफा ही वजाबाकी आहे: धान्य महागले की मजुरी चढते, जमीनदाराचा खंड चढतो आणि भांडवलदाराच्या वाट्याची बाकी घटते. इंग्लंडच्या धान्य कायद्यांविरुद्ध, म्हणजे जमीनदारांविरुद्ध, वापरायचे हे शस्त्र होते. हे कायदे १८४६ मध्ये उठले. पण त्याच्या कितीतरी आधी हे शस्त्र दुसऱ्यांच्या हाती गेले होते. १८२५ मध्ये टॉमस हॉजस्किनने विचारले की नफा जर बाकी असेल, तर ती कामगाराकडे का राहू नये. नफा कशाचा तरी मोबदला आहे हे दाखवण्याची निकड त्यानंतर वाढली, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

नासॉ सीनियरने १८३६ मध्ये उपभोगत्यागाचा सिद्धांत मांडला: भांडवलदार आज खर्च करण्याचे टाळतो, नफा त्या संयमाचे फळ. पुढच्याच वर्षी, कारखान्यांतले कामाचे तास कमी करण्याची मागणी जोरात असताना, त्याने एक हिशेब छापला. तो मुळातून पाहायला हवा. एका सूतगिरणीत १,००,००० पौंड गुंतले आहेत, ८०,००० इमारत आणि यंत्रांत, २०,००० कापूस आणि मजुरीत. वर्षाचे उत्पन्न १,१५,०००. दिवस साडेअकरा तासांचा, म्हणजे २३ अर्धे तास, आणि प्रत्येक अर्ध्या तासाच्या वाट्याला वर्षाचे ५,००० पौंड. पहिल्या वीस अर्ध्या तासांत भांडवल भरून निघते, एकविसाव्यात यंत्रांची झीज, आणि शेवटच्या दोन अर्ध्या तासांत १०,००० पौंड निव्वळ नफा. म्हणून दिवसातला एक तास कमी करा, नफा नाहीसा होईल, उद्योग बसेल.

चूक कुठे आहे ती कोणत्याही दुकानदाराच्या मुलाला दिसावी. एक तास कमी चालली तर गिरणी एका तासाचा कापूसही कमी खाईल. यंत्रे कमी झिजतील. इमारतीची किंमत काही दरवर्षी सुतातून पुन्हा नव्याने उभी करावी लागत नाही. मार्क्सने तीस वर्षांनी ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात या हिशेबाचे धिंडवडे काढले, पण त्याच्या आधीच १८४७ मध्ये पार्लमेंटने स्त्रिया आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा केला होता आणि इंग्लंडचा सूतधंदा त्यानंतर वाढतच गेला.

हा हिशेब मी प्रत्येक वर्षी वर्गात सांगत असे, कारण पुढची गोष्ट आपल्या घरची आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार जणांच्या वतीने निवेदन दिले. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. वेतनाची ठरली तारीख हे जे आपण वर गृहीत धरले होते, ती तारीखसुद्धा मागून घ्यावी लागली होती. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. गिरण्या चालूच राहिल्या. आधी नफा म्हणून दिसणाऱ्या रकमेचा एक भाग कामगारांच्या सुट्टीत गेला. कुणाचा संयम त्यामुळे कमी झाला नव्हता आणि कुणाची जोखीमही घटली नव्हती. वाटणीची रेषा सरकली होती, आणि ती सरकवली होती ‘दीनबंधू’चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या कामगारांनी.

आता माझ्या बाजूच्या वाचकांना न रुचणारे सांगणेही भाग आहे. नफा म्हणजे कामगाराच्या तासांची चोरी हे मार्क्सने गणिताने सिद्ध केले, असे अनेकजण मानतात. मार्क्सचा सिद्धांत चोरीवर उभा नाही. त्याच्या मांडणीत कामगाराला त्याच्या श्रमशक्तीची पूर्ण किंमत मिळते, आणि तरीही वरकड मूल्य, म्हणजे त्या किमतीपेक्षा जास्तीचे मूल्य, निर्माण होते. ही त्याची खरी कामगिरी. पण मग स्मिथचे दोन कारखाने पुन्हा समोर येतात. दोन्हींत वीसच कामगार आणि मजुरी तीच, तेव्हा वरकड मूल्य सारखे हवे. नफा मात्र १०० आणि ७३०. मार्क्सचे उत्तर त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १८९४ मध्ये, एंगल्सने संपादित केलेल्या तिसऱ्या खंडात आले: सगळे वरकड मूल्य एकत्र होते आणि भांडवलाच्या प्रमाणात वाटले जाते. १८९६ मध्ये ब्योम-बावेर्कने यावर कडाडून टीका केली. १९०७ मध्ये बोर्टकिएविचने दाखवले की मार्क्सने तयार मालाच्या किमती बदलल्या, पण कच्च्या मालाच्या तशाच ठेवल्या. ते दुरुस्त केले की एकूण मूल्य बरोबर एकूण किंमत आणि एकूण वरकड बरोबर एकूण नफा, ही दोन्ही समीकरणे सर्वसाधारणपणे एकत्र टिकत नाहीत. शोषण नाही असा याचा अर्थ होत नाही. नफ्याचा आकार श्रमाच्या तासांतून थेट काढता येतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

इतकी सूट मी दिली, तेव्हा तक्त्याच्या समर्थकांनीही आपल्या घरात डोकवावे.

हा तक्ता ज्या विचारपरंपरेतून आला, तिचे तीन मोठे आधार म्हणजे वालरास, विक्स्टीड आणि जॉन बेट्स क्लार्क. वालरासच्या समतोलात उद्योजकाला नफाही नाही आणि तोटाही नाही. विक्स्टीडने १८९४ मध्ये दाखवायचा प्रयत्न केला की प्रत्येक घटकाला त्याच्या सीमान्त उत्पादकतेइतके दिले की उत्पादन बरोबर संपते, मागे काही उरत नाही. क्लार्कने १८९९ मध्ये या वाटणीला निसर्गनियमाचा दर्जा दिला, आणि त्याच्याही स्थिर अवस्थेत शुद्ध नफा शून्यच. म्हणजे ज्या सिद्धांताच्या जोरावर चार ओळी छापल्या जातात, त्याच सिद्धांतानुसार पूर्ण स्पर्धेत चौथी ओळ रिकामी असते. इतक्या वर्षांत एकाही पाठ्यपुस्तकात मला हे तक्त्याशेजारी लिहिलेले दिसले नाही.

तिसरी ओळही वाटते तितकी पक्की नाही. भांडवलाला त्याच्या उत्पादकतेइतके मिळते असे म्हणायचे, तर भांडवल मोजायचे कशात, हा प्रश्न जोन रॉबिन्सन यांनी १९५३-५४ मध्ये विचारला. माग, बैलगाडी आणि बॉयलर यांची बेरीज करायची तर पैशात करावी लागते. पैशातली किंमत काढायला नफ्याचा किंवा व्याजाचा दर आधी माहीत लागतो. आणि तो दर तर आपल्याला भांडवलाच्या उत्पादकतेतून काढायचा होता. पिएरो स्राफाच्या १९६० च्या छोट्याशा पुस्तकाने हे वर्तुळ उघडे पाडले: उत्पादनाचे तंत्र माहीत असले तरी तेवढ्यावर मजुरी आणि नफ्याची वाटणी ठरत नाही, दोहोंपैकी एक बाहेरून ठरावे लागते. कारवारात जन्मलेल्या आणि मुंबईत शिकलेल्या कृष्णा भारद्वाज यांनी १९६३ मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक वीकली’त या पुस्तकाचे परीक्षण लिहिले, आणि स्राफाच्या सर्वांत नेमक्या वाचकांत त्यांची गणना झाली. १९६६ मध्ये खुद्द पॉल सॅम्युएलसनने मान्य केले की व्याजदर उतरत गेला तर भांडवलाचा वापर नेहमी वाढतच जातो, ही सोपी कथा सर्वत्र खरी नाही. ज्याचे पाठ्यपुस्तक जगभर वाचले जात होते त्याने दिलेली ही कबुली आहे, आणि ती देण्यात मोठेपणा होता. पाठ्यपुस्तकांनी तिची दखल घेतली नाही.

राहिली जोखीम. हा सिद्धांत मुळात अमेरिकेतल्या फ्रेडरिक हॉलीचा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला. आपल्याकडे तो फ्रँक नाइटच्या नावावर सांगितला जातो, आणि नाइटने तर १९२१ च्या पुस्तकात त्याच्या विरुद्ध बाजू मांडली. आग लागण्याची, जहाज बुडण्याची, बाटल्या फुटण्याची शक्यता मोजता येते. जे मोजता येते त्याचा विमा उतरवता येतो. विम्याचा हप्ता हा खर्च आहे, त्यातून नफा येत नाही. नफा येतो तो ज्याचा हिशेबच मांडता येत नाही अशा अनिश्चिततेतून. आणि सगळे उद्योजक एकत्र धरले तर त्यांचा शुद्ध नफा ऋण, म्हणजे तोटाच असावा, असे नाइटला वाटत होते. जो मोबदला सरासरीने मिळतच नाही त्याला मोबदला कसे म्हणायचे? १९२३ मध्ये त्याने आणखी स्पष्ट लिहिले की बाजारातल्या उत्पादकतेने कुणाचाही नैतिक हक्क सिद्ध होत नाही, कारण तिच्यामागे वारसा आणि नशीब यांचा मोठा वाटा असतो. शुम्पेटर हा अर्थशास्त्रज्ञ काही मार्क्सवादी नव्हता, उद्योजकाचा तर तो सर्वांत मोठा चाहता होता. तरीही त्याने बजावले की जोखीम उद्योजक घेत नाही, ज्याचे पैसे लागले आहेत तो घेतो. उद्योजकाचा नफा नव्या कल्पनेतून येतो आणि स्पर्धक मागोमाग आले की विरतो.

आता पुन्हा पंगतीकडे. शेवटी बसणाऱ्याचा न्याय खरा, पण तो स्वतःच वाढपी असेल तर? मुंबईच्या कापड गिरण्यांच्या सुरुवातीच्या काळात कारभार मॅनेजिंग एजंटांकडे असे आणि कित्येक गिरण्यांत त्यांचे कमिशन सुताच्या दर पौंडामागे पाव आणा ठरलेले असे. गिरणीला नफा होवो वा तोटा, सूत निघाले की कमिशन पक्के. जोखीम भागधारकांची होती, कारभार एजंटांचा होता आणि पहिले ताट एजंटांना वाढले जात होते. पुढे नफ्यावरच्या कमिशनची पद्धत आली, तरी एजन्सीची व्यवस्था कायद्याने बंद व्हायला १९७० साल उजाडावे लागले. स्वतः जोखीम उचलणाऱ्याचीही जोखीम कायद्याने आखून दिलेली असते. इंग्लंडमध्ये १८५५ आणि आपल्याकडे १८५७ पासून कंपनीच्या भागधारकाची जबाबदारी मर्यादित झाली. त्याच्या पलीकडचा तोटा नाहीसा होत नाही. तो पुरवठादाराच्या उधारीत आणि कामगाराच्या थकलेल्या पगारात जाऊन बसतो.

कामगाराला जोखीम नसते, हे वाक्य गिरणगावात उभे राहून कुणी म्हणू नये. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख लोक कामावरून बाहेर पडले आणि त्यांतले असंख्य परत आत गेलेच नाहीत. माग चालवण्याचे वीस वर्षांचे कसब दुसऱ्या कोणत्या बाजारात विकणार? ते कसब हीच त्यांची गुंतवणूक होती, आणि ती पूर्ण बुडाली. तिचा विमा नव्हता, तिला मर्यादित जबाबदारीचे संरक्षण नव्हते, आणि तिच्यासाठी तक्त्यात ओळही नाही. गिरण्यांची जमीन मात्र राहिली. १९९१ च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरले: महापालिकेला मोकळ्या जागांसाठी एक, म्हाडाला घरांसाठी एक, मालकाला एक. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त मोकळ्या जमिनीला लागू झाले, बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. नियमातल्या एका बदलाने मालकांच्या वाट्याला कितीतरी जास्त जमीन आली. जोखीम कणभरही वाढली नव्हती.

मग नफाच नको का, असे मला विचारले जाते. तसे मी म्हणत नाही. धंद्यात बाकी उरलीच नाही तर नवी यंत्रे येणार नाहीत, आणि अर्थशास्त्रज्ञ कालेत्स्कीने दाखवल्याप्रमाणे भांडवलदारांचा खर्च आणि गुंतवणूक यांतूनच त्यांचा एकूण नफा तयार होतो, म्हणून गुंतवणूक न करणाऱ्या नफ्याची चिंता नफ्याच्या मित्रांनी आधी करायला हवी. माझे भांडण एका शब्दाशी आहे. मोबदला म्हटले की आकडा आपोआप रास्त ठरतो आणि वाटणीवर बोलणारा आगाऊ दिसतो. बाकी म्हटले की वरचे सगळे आकडे बघावे लागतात: मजुरी कशी ठरली, भाव कुणी ठरवला, स्पर्धक का नाहीत, नियम कधी बदलला. पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत चौथ्या ओळीत ‘बाकी’ असे छापावे, आणि तिच्याखाली स्मिथचे ते दोन कारखाने, १०० आणि ७३० पौंडांसकट, मुलांना सोडवायला द्यावेत.